जुन्या व्हिडिओ-फितींतील चित्रांचे खरे माप



आजच्या भाषणाचा विषय यंत्राचा आहे खरा. परंतु त्याचा आरंभ मी आमच्या घरातील एका प्रसंगाने करणार आहे. कारण हा विषय मला प्रथम उमगला तो कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर माझ्या आईच्या एका वाक्यावरून.

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९९५ साली हुबळीस झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नाची व्हिडिओ-कॅसेट काढलेली होती. त्याच्या दोन वर्षे आधी आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हाचीही एक कॅसेट होती. या दोन्ही कॅसेटी पुढे कित्येक वर्षे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या साड्यांच्या गाठोड्यामागे पडून राहिल्या. घरातील व्हीसीआर केव्हाच मोडीत गेला होता. बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. पण बाबा चालताना, हसताना, कोणाला हाक मारताना दिसावेत असे ठिकाण म्हणजे या दोन कॅसेटीच. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्या शहरातील एका दुकानात दिल्या आणि त्यांचे डिजिटल रूपांतर करून घेतले.

दुकानदाराने पेन-ड्राइव्ह दिला. घरी आणून तो मोठ्या टीव्हीला जोडला. पहिल्याच दृश्यात बाबा चर्चच्या पायऱ्यांवर पाहुण्यांचे स्वागत करीत उभे होते. आई चष्मा सावरून पुढे वाकली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तुझे बाबा नव्हेत. ते इतके आडवे कधी होते?"

बाबा उंच आणि काटकुळे होते. पडद्यावरचा गृहस्थ रुंद खांद्यांचा, फुगलेल्या गालांचा आणि बुटका दिसत होता. नवरी, नवरा, करवल्या, सगळीच माणसे तशी. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीची चाके लांबट झाली होती. धर्मगुरूंनी मिस्सेत उंच धरलेली गोल भाकर अंड्यासारखी दिसत होती. फीत खराब झालेली नव्हती, रंगही बऱ्यापैकी टिकले होते. बिघडले होते ते केवळ चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. आणि तेवढ्याने माणसाची ओळखच पुसली गेली होती.

या प्रमाणाला 'आस्पेक्ट रेशो' म्हणतात. आपण त्याला चित्राचे गुणोत्तर म्हणू. ते म्हणजे काय, हे समजण्यास आम्हां हुबळीकरांना लांब जावे लागत नाही. आमच्या बेंगेरी भागात खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या केंद्रात राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजसंहितेने ध्वजाची नऊ मापे ठरवून दिली आहेत. सर्वांत मोठा ध्वज ६,३०० मिलिमीटर लांब व ४,२०० मिलिमीटर रुंद. सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटर. एक भल्यामोठ्या इमारतीवरचा, दुसरा टेबलावरचा. परंतु कोणतेही माप घ्या, लांबीचे रुंदीशी प्रमाण तीनास दोन हेच राहते. आकार बदलतो, गुणोत्तर बदलत नाही. म्हणूनच लहान ध्वज हा मोठ्या ध्वजाचीच प्रतिमा वाटतो. आता समजा, एखाद्याने ध्वजाचे चित्र उंची तशीच ठेवून दोन्ही बाजूंना ओढले. तर मधले अशोकचक्र चक्र राहणार नाही. ते आडवे पसरलेले अंडे होईल. चित्राचे गुणोत्तर चुकले की नेमके हेच घडते.

वर्गात मुलांना हे दाखवण्यासाठी मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा घेते. त्यावर खडूने वर्तुळ काढते आणि मुलांना तो दोन बाजूंनी ओढायला सांगते. वर्तुळ कसे लांबट होते ते पाहून मुले हसतात. मग त्याच तुकड्यावर एक चेहरा काढून पुन्हा ओढतात आणि अधिकच हसतात. आमच्या घरी मात्र त्या संध्याकाळी कोणी हसले नाही.

आता प्रश्न असा की, जुन्या फितीतले चित्र असे ताणले जाते तरी का? याचे उत्तर थोडे इतिहासात व थोडे यंत्रात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या सहकाऱ्याने चलच्चित्रांसाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरात आणली. तिच्या कडेच्या चार छिद्रांएवढ्या उंचीत एक चित्र बसे, आणि त्या चित्राचे प्रमाण चारास तीन असे पडले. बोलपट आल्यावर फिल्मवर ध्वनीची पट्टी ठेवावी लागली, तरी चित्राचे प्रमाण जवळजवळ तेच राखण्यात आले. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा तिनेही चारास तीन हेच प्रमाण उचलले. आपल्याकडे दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि रंग आले १९८२ साली. या सर्व काळात घरोघरचा पडदा चारास तीन असाच होता. व्हीएचएस ही कॅसेटची पद्धत जपानात १९७६ साली निघाली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या लग्नसमारंभांत शिरली. तिचे चित्रही चारास तीन.

इकडे चित्रपटाने वेगळी वाट धरली. घरात बसून टीव्ही पाहणारा प्रेक्षक थिएटरात परत यावा म्हणून १९५३ पासून रुंद पडद्याचे चित्रपट निघू लागले. हिंदीत १९५९ चा 'कागज़ के फूल' हा आपल्या देशातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. चौकोनी टीव्ही आणि रुंद चित्रपट यांमधला मध्यम मार्ग म्हणून पुढे सोळास नऊ हे प्रमाण पुढे आले, आणि आज आपल्या भिंतीवर जो चपटा टीव्ही असतो तो या सोळास नऊ प्रमाणाचा.

म्हणजे भांडे बदलले आहे आणि आतली वस्तू जुन्याच आकाराची आहे. चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर दाखवायचे, तर तीनच मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, चित्र पूर्ण उंचीचे दाखवावे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. दुसरा मार्ग, चित्र आडवे ताणून पडदा भरावा. तिसरा मार्ग, चित्र प्रमाणात मोठे करून पडदा भरावा आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते कापून टाकावे. पहिल्या मार्गात काहीही बिघडत नाही. दुसऱ्यात प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. तिसऱ्यात चित्राचा चौथा हिस्सा नाहीसा होतो. हा चौथा हिस्सा म्हणजे पुष्कळदा उभ्या माणसांचे डोके किंवा बसलेल्या माणसांचे हात-पाय.

दुकानदाराकडे मी परत गेले तेव्हा तो रागावला नाही, मीही रागावले नाही. तो म्हणाला, "टीचर, हल्लीच्या टीव्हीला पडदा भरूनच चित्र लागतं. बाजूला काळं राहिलं की गिऱ्हाईक म्हणतं, काम अर्धंच केलं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्यालाच काळ्या पट्ट्यांची चीड येते. पैसे देऊन घेतलेल्या पडद्याचा एक भाग रिकामा राहतो, हे मनाला पटत नाही. परंतु दाराच्या चौकटीपेक्षा माणूस अरुंद असतो म्हणून आपण त्याला लाटून चौकट भरत नाही. काळी पट्टी म्हणजे चित्राची उणीव नव्हे. जुने चित्र आपल्या मूळ आकारात आहे, याची ती खूण आहे.

त्याने वापरलेले यंत्रही मी पाहिले. बाजारात 'एव्ही-टू-एचडीएमआय' नावाची एक लहानशी डबी मिळते. तिच्या एका बाजूस जुन्या यंत्राच्या पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या पिना लागतात, दुसऱ्या बाजूने नव्या पद्धतीचे चित्र निघते. यांपैकी पुष्कळ डब्या आत आलेले चारास तीनचे चित्र कोणाला न विचारता सोळास नऊ करून बाहेर सोडतात. दुकानदाराने तेच चित्र जसेच्या तसे नोंदवून घेतले होते.

येथवरची गोष्ट सरळ आहे. पुढची जरा सूक्ष्म आहे. पण घरी स्वतः रूपांतर करू इच्छिणाऱ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

व्हीएचएस फितीवर चौकोनी ठिपके नसतात. तेथे चित्र असते ते आडव्या रेघांच्या रूपात. आपल्या देशाने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेघा असतात. त्यांपैकी ५७६ रेघांत प्रत्यक्ष चित्र असते. रेघांची संख्या ठरलेली आहे, परंतु प्रत्येक रेघ मात्र अखंड असते, मागावरच्या आडव्या धाग्यासारखी. डिजिटल रूपांतर करायचे म्हणजे या अखंड रेघेचे तुकडे पाडायचे. किती तुकडे पाडायचे हे १९८२ साली आंतरराष्ट्रीय शिफारशीने ठरले: सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख नमुने घ्यावेत. हा आकडा असा निवडला की, आपली ६२५ रेघांची आणि अमेरिकेतील ५२५ रेघांची, या दोन्ही पद्धतींना तो लागू पडावा. त्यायोगे दोन्हीकडे प्रत्येक रेघेचे ७२० तुकडे जपून ठेवले जातात. या तुकड्यांना चित्रबिंदू म्हणजे पिक्सेल म्हणतात.

आता गणित करून पाहा. पाल पद्धतीचे डिजिटल चित्र ७२० बिंदू रुंद आणि ५७६ बिंदू उंच. ७२० ला ५७६ ने भागले तर येते सव्वा, म्हणजे पाचास चार. पण चित्राचे खरे प्रमाण तर चारास तीन! मग चूक कोठे झाली? चूक कोठेच झालेली नाही. हे बिंदू चौरस आहेत असे आपण गृहीत धरले, तेवढेच चुकले. येथील प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा किंचित रुंद असतो. सुमारे अकरास बारा या प्रमाणात. संगणकाच्या पडद्यावरचे बिंदू मात्र पूर्ण चौरस असतात. संगणकाला ही गोष्ट सांगितली नाही, तर तो ७२० रुंद बिंदू चौरस करून दाखवतो आणि माणसे किंचित बारीक व उंच दिसू लागतात.

अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने कॅसेट पाठवली असेल तर प्रकार उलटा होतो. तेथील एनटीएससी पद्धतीत, तशीच कॅनडात व जपानात, डिजिटल चित्र ७२० रुंद पण ४८० उंच असते. तेथील बिंदू रुंदीपेक्षा उंचीला अधिक असतो. तो चौरस धरला की माणसे रुंद दिसतात. म्हणजे एकच चूक, पण आपल्या फितीतील पाहुणे रोडावतात आणि अमेरिकेतील पाहुणे लठ्ठ होतात!

आणखी एक बारकावा आहे. ७२० पैकी सर्वच बिंदूंत चित्र नसते. रेघेचा चित्र असलेला भाग सुमारे ७०२ बिंदूंत संपतो. उरलेले दोन्ही कडांना मोकळ्या समासासारखे सोडलेले असतात. वहीच्या पानाला समास असतो तसे. म्हणून चारास तीन हे प्रमाण काटेकोरपणे त्या मधल्या भागाला लागू आहे. कोणी समासासह पूर्ण ७२० बिंदूच चारास तीनमध्ये बसवले, तर दोन-अडीच टक्क्यांची तफावत पडते. डोळ्यांना ती जाणवत नाही. घरगुती कामात तिच्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही. परंतु संग्रहालयाचे काम करणाऱ्याने ती ध्यानात ठेवली पाहिजे. कडेला दिसणाऱ्या बारीक काळ्या रेघा व चित्राच्या तळाशी थरथरणारी अरुंद पट्टी या व्हीएचएसच्या नेहमीच्या गोष्टी आहेत. त्या लपवण्यासाठी चित्र ओढून मोठे करू नये. हवे तर तेवढा भाग काळा करावा.

मग आपल्या घरच्या रूपांतरात चूक झाली आहे की नाही, हे कसे ओळखावे? माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखणे अवघड. कारण कोण मुळात किती जाड होता याची साक्ष देणारे दरवेळी हयात असतातच असे नाही. वर्तुळ मात्र नेहमी खरी साक्ष देते. फितीत असे दृश्य शोधा की ज्यात एखादी गोल वस्तू अगदी समोरून दिसते. भिंतीवरचे घड्याळ सर्वांत उत्तम. सायकलचे किंवा मोटारीचे चाक, समोर उभी धरलेली थाळी, हेही चालते. तिरपी दिसणारी वस्तू घेऊ नये. ती मुळातच लांबट दिसते. चित्र तेथे थांबवा आणि साधी फूटपट्टी घेऊन पडद्यावर तिची रुंदी व उंची मोजा.

दोन्ही सारखी आली तर काम बरोबर आहे. समजा, उंची १२ सेंटिमीटर आली. रुंदी १६ आली तर चारास तीनचे चित्र सोळास नऊमध्ये ताणलेले आहे. हीच चूक सर्वांत अधिक आढळते. रुंदी सुमारे ११ आली तर पाल फितीचे बिंदू चौरस धरले गेले आहेत. रुंदी सव्वातेराच्या आसपास आली तर एनटीएससी फितीबाबत तीच चूक झाली आहे. आणि रुंदी ९ आली तर फीत बहुधा अलीकडच्या लहान डिजिटल कॅमेऱ्याची असून तिच्यात मुळातच सोळास नऊचे चित्र होते, ते चारास तीनमध्ये दाबले गेले आहे. म्हणून जुनी फीत म्हणजे चारास तीनच, असेही डोळे मिटून धरू नये. घड्याळाला विचारावे.

हे माप घेण्यापूर्वी एक खात्री करावी. पुष्कळ टीव्ही स्वतःच चित्र ताणतात. रिमोटवर चित्राच्या आकाराची निवड असते; ती 'मूळ' किंवा '४:३' वर करून पाहावी. तीच फाइल संगणकावर लावूनही पाहावी. दोन्हीकडे चेहरे आडवे दिसले तर दोष फाइलमध्ये आहे. फक्त टीव्हीवरच दिसले तर दोष टीव्हीच्या मांडणीत आहे आणि तो दोन मिनिटांत दूर होतो.

दोष फाइलमध्ये असला तरी लगेच हताश होऊ नये. ताणलेले चित्र परत आवळता येते. कारण ताणण्यात काही हरवत नाही, फक्त जागा बदलते. बहुतेक व्हिडिओ-फाइलींत, चित्र कोणत्या प्रमाणात दाखवावे याची एक नोंद असते. एफएफएमपेग या मोफत साधनाने चित्राला मुळीच हात न लावता केवळ ही नोंद बदलून चारास तीन करता येते. काम क्षणात होते आणि चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरणाऱ्यांनी चित्र चालू असताना 'ए' ही कळ दाबून निरनिराळी प्रमाणे लावून पाहावीत; योग्य प्रमाण कोणते, हे तेथेच कळते. क्वचित एखादा टीव्ही ही नोंद मानीत नाही. त्याच्यासाठी ७६८ बाय ५७६ बिंदूंची चौरस बिंदूंची वेगळी प्रत काढावी. मात्र मूळ फाइल तशीच ठेवावी.

माझ्या बहिणीच्या लग्नाची फाइल अशा रीतीने दुरुस्त झाली. आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातील सहकाऱ्याने मला ती रीत शिकवली आणि मीच ती करून पाहिली. दुसऱ्या कॅसेटीची कथा मात्र वेगळी झाली.

आईबाबांच्या रौप्यमहोत्सवाच्या त्या कॅसेटीत चेहरे आडवे नव्हते. वर्तुळे गोल होती. पडदाही पूर्ण भरलेला होता. पाहून मला बरे वाटले. मग लक्षात आले की, बाबांचे कपाळ कोठेच दिसत नाही. सर्वांत पुढे खुर्चीवर माझी आजी बसलेली होती. तिच्या मांडीवरचे हात आणि त्यांतली जपमाळ मला लख्ख आठवते, कारण त्या वेळी मी तिच्या खुर्चीला टेकूनच उभी होते. चित्रात आजी छातीपाशी संपत होती. या कॅसेटीच्या बाबतीत पडदा भरण्यासाठी वरून आणि खालून चित्र कापण्यात आले होते. ताणलेले चित्र आवळता येते. कापलेले परत जोडता येत नाही. मूळ कॅसेट मागितली, तेव्हा कळले की तिच्यावर पांढरी बुरशी आलेली होती, रूपांतर झाल्यावर तिचा उपयोग उरला नव्हता, म्हणून ती कचऱ्यात गेली. ती ठेवायची की टाकायची हे त्याने मला विचारले होते, आणि "टाका" असे मीच म्हटले होते. त्यामुळे दोष द्यायचा तर तो अर्धा माझ्याकडेच येतो.

हे नुकसान एका घराचे आहे. परंतु आमचा हा प्रदेश गवय्यांचा. मल्लिकार्जुन मन्सूर १९९२ साली गेले, गंगूबाई हनगल २००९ साली, भीमसेन जोशी २०११ साली. त्यांच्या भर काळात जे चित्रण झाले ते चारास तीनच्या युगातले. कोणाच्या वाड्यातील बैठक, कुंदगोळच्या उत्सवासारखा एखादा समारंभ, कोणी हौसेने घरच्या कॅमेऱ्याने टिपलेला असला तर त्याच्या फिती आज कोणाच्या तरी माळ्यावर असतील. अशा जुन्या मैफलींची ताणलेली रूपांतरे अनेकदा पाहावयास मिळतात. मिरजेच्या तंबोऱ्याचा डौलदार भोपळा तेथे आडवा पसरलेला दिसतो आणि गवयाची बोटे जाडजूड होतात. गाणे तेच राहते. पण ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले नाही, त्या मुलांच्या मनात त्यांचे रूप चुकीचे ठसते. आणि ज्यांनी पाहिले होते ते एकेक करून निघून चालले आहेत. उद्या चूक दाखवायला कोणी नसेल.

वेळही थोडा उरला आहे. जगात व्हीसीआर तयार करणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आज जी यंत्रे चालतात ती सारी जुनी आहेत. धारवाडचा पाऊस आणि दमट हवा फितींना मानवत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांना माझे हे सांगणे आहे.

कॅसेट बाहेर काढल्यावर प्रथम तिच्या पाठीवरील प्लास्टिकची लहान चीप मोडलेली आहे का ते पाहा. नसल्यास मोडा, म्हणजे चुकून वर दुसरे काही नोंदले जाणार नाही. फितीवर पांढरे डाग दिसले तर ती यंत्रात घालू नका; आधी जाणत्याकडून स्वच्छ करून घ्या. दुकानात देताना स्पष्ट सांगा, शक्य तर लिहून द्या: "चित्र चारास तीन ठेवावे. बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. ताणू नये, कापू नये. पाल पद्धतीने ७२० बाय ५७६ अशी प्रत द्यावी." संपूर्ण काम एकदम न देता आधी एका कॅसेटीची दहा मिनिटे करून घ्या आणि घड्याळाची किंवा चाकाची परीक्षा घ्या. स्वतः संगणकाला जोडण्याचे लहान यंत्र घेऊन करणार असाल, तर त्याच्या मांडणीत पाल निवडल्याची खात्री करा. काही यंत्रे मुळात एनटीएससीवर बेतलेली असतात आणि आपल्या ५७६ रेघा ४८० मध्ये कोंबतात. जुने चित्र एक-आड-एक रेघांनी रचलेले असते, म्हणून पहिली प्रत घेताना उंचीत बदल करू नका. नाही तर हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. सजावट, रुंदीकरण, रंगकाम करायचे ते दुसऱ्या प्रतीवर करा. आणि सर्वांत महत्त्वाचे: रूपांतर तपासून होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, मूळ कॅसेट टाकू नका. ती पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी ठेवा.

दुरुस्त केलेली फाइल मी पुन्हा आईला दाखवली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या. तिचे तिकडे लक्षही गेले नाही. बाबा पायऱ्यांवर उभे होते, उंच, काटकुळे, एका हाताने कोटाचे बटण चाचपत. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो कोट त्यांना कधीच नीट बसला नाही. मी तेव्हाच शिंप्याला सांगितलं होतं." आणि मला ते दृश्य परत पहिल्यापासून लावायला सांगितले.